विस्मरण मोजायचे कशाने?

शाळेतील फूटपट्टी घ्या आणि तिने डोक्यावरील एका केसाची जाडी मोजा, असे कोणी सांगितले तर? पट्टीवरील सर्वांत लहान भाग एक मिलिमीटरचा. केसाची जाडी साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. पट्टीवर केस ठेवून वाचन घेतले तर ते शून्य येईल. पण म्हणून 'केसाला जाडी नाही' असा निष्कर्ष कोणी प्रयोगवहीत लिहिला, तर त्याला गुण मिळणार नाहीत. केसाला जाडी आहे, पण ती या पट्टीच्या आवाक्यातली नाही. ज्या उपकरणाचे लघुतम माप एक मिलिमीटर आहे, त्याने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाबद्दल 'आहे' किंवा 'नाही' असे काहीच सांगता येत नाही.

आता एक वेगळेच वाचन पाहा. "आमच्या आजोबांचं सगळं व्यवस्थित आहे. हल्ली थोडं विसरतात, पण आंघोळ, जेवण, कपडे, सकाळचं फिरणं, सगळं आपलं आपण करतात." हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित घरीच. हेसुद्धा एक मोजमापच आहे. ते कोणत्या पट्टीने घेतले आणि त्या पट्टीचे लघुतम माप किती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वैद्यकशास्त्रात हा प्रश्न गेली साठ वर्षे विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर हळूहळू बदलत आले आहे. त्याचीच ओळख या लेखात करून घेऊ.

वय वाढले की स्मरण थोडे मंदावते. नाव चटकन आठवत नाही, चष्मा कोठे ठेवला ते शोधावे लागते. यात आजार काही नाही. दुसऱ्या टोकाला स्मृतिभ्रंश असतो. त्यात विस्मरण, गोंधळ, वाट चुकणे हे इतके वाढते की माणसाला रोजचे आयुष्य दुसऱ्याच्या मदतीवाचून चालवता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक पट्टा आहे. त्याला डॉक्टर 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' म्हणतात. आपण त्याला सौम्य बोधनक्षीणता म्हणू. बोधन म्हणजे लक्ष देणे, लक्षात ठेवणे, विचार करणे, शब्द शोधणे, बेत आखणे अशा मेंदूच्या कामांचा समुच्चय. हे काम वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा कमी पडते, पण माणूस परावलंबी झालेला नाही, अशी ही अवस्था. काहींच्या बाबतीत त्यात स्मरण कमी पडते, काहींच्या बाबतीत नियोजन किंवा भाषा.

अमेरिकेतील रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये रोनाल्ड पीटर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या अवस्थेचे निकष मांडले. स्मरणाबद्दल तक्रार हवी, चाचणीत स्मरण वयाच्या मानाने कमी दिसायला हवे, इतर बौद्धिक शक्ती ठीक हवी, स्मृतिभ्रंश नसावा आणि दैनंदिन व्यवहार सुरळीत असावेत. या यादीतील 'दैनंदिन व्यवहार सुरळीत' हा निकष वाचायला सोपा वाटतो, पण पुढे सगळा वाद त्याच्यावरच झाला. व्यवहार सुरळीत म्हणजे किती सुरळीत? २००३ साली स्टॉकहोम येथे या विषयातील तज्ज्ञ एकत्र जमले आणि २००४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात हा निकष सैल केला होता. मूलभूत व्यवहार शाबूत असावेत. गुंतागुंतीच्या व्यवहारांत मात्र थोडी उणीव असू शकते.

पाच वर्षांत रुग्ण बदलले नव्हते. बदलली होती ती पट्टी. व्यवहार बारकाईने पाहू लागल्यावर जेथे आधी शून्य वाचन येत होते तेथे काहीतरी दिसू लागले.

या पट्ट्या आहेत तरी कशा? सर्वांत जुन्यांपैकी एक १९६३ सालची. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे सिडनी कॅट्झ हे डॉक्टर, खुब्याचे हाड मोडलेल्या व इतर आजारांतून उठणाऱ्या वृद्धांची पाहणी करीत होते. त्यांनी सहा गोष्टी निवडल्या : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणावरून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. माणूस बरा होत असताना या गोष्टी ज्या क्रमाने परत येतात, तो क्रम लहान मूल त्या गोष्टी शिकते त्या क्रमाशी जुळतो, असे कॅट्झ यांच्या लक्षात आले. ही पट्टी अतिशय उपयोगी आहे. रुग्णाला घरी सोडायचे का, मदतनीस लागेल का, हे ठरवायला ती आजही वापरतात. परंतु सौम्य बोधनक्षीणतेच्या दृष्टीने ती म्हणजे आपली फूटपट्टी. त्या अवस्थेतील जवळजवळ प्रत्येक जण हिच्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवतो. ज्या परीक्षेत सगळ्यांना शंभर गुण पडतात, तिने कोणाचाच फरक कळत नाही.

१९६९ साली फिलाडेल्फियातील पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी अधिक बारीक पट्टी तयार केली. तिच्यात आठ कामे होती : टेलिफोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, आपली औषधे आपण घेणे आणि पैशाचे व्यवहार. ही कामे मूलभूत नव्हेत. ती करायला साधने लागतात, बेत लागतो, बाहेरच्या जगाशी संबंध येतो. गंमत अशी की त्यांनी पुरुषांसाठी यांतील पाचच कामे मोजावीत असे सुचवले होते. स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे ही तीन वगळून. आज वाचताना हसू येते, पण मोजमापाच्या दृष्टीने त्यात एक शहाणपण आहे. ज्याने आयुष्यात कधी कुकर लावला नाही त्याला कुकर लावता येत नाही, यावरून त्याच्या मेंदूबद्दल काहीच सिद्ध होत नाही. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आधी एक प्रश्न सोडवू. गुंतागुंतीची कामेच आधी का ढासळतात?

याचे एक कारण साध्या गणितातून दिसते. कोणतेही काम म्हणजे पायऱ्यांची साखळी. समजा, एखाद्या माणसाच्या हातून प्रत्येक पायरी बरोबर होण्याची संभाव्यता ०.९९ आहे, म्हणजे शंभरात एखादी पायरी चुकते. काम पाच पायऱ्यांचे असेल तर ते संपूर्ण बिनचूक होण्याची संभाव्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.९५. तीस पायऱ्यांचे असेल तर ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. आता मेंदूचे काम किंचित ढिले पडले आणि ०.९९ च्या जागी ०.९७ झाले असे माना. पाच पायऱ्यांचे काम ०.८६ वर येते. शंभरात नऊ-दहा वेळा जास्त चूक होईल. घरच्यांच्या ते लक्षातही येणार नाही. तीस पायऱ्यांचे काम मात्र ०.७४ वरून थेट ०.४० वर कोसळते. म्हणजे आधी चार वेळांपैकी तीन वेळा बिनचूक होणारे काम आता निम्म्याहून अधिक वेळा कोठेतरी अडखळते. पायरीमागे फक्त दोन टक्क्यांचा फरक, पण लांब साखळीत तो लपत नाही. तुमच्याकडे गणनयंत्र असेल तर हे घात स्वतः काढून पाहा.

हे प्रतिमान अर्थातच ढोबळ आहे. खऱ्या आयुष्यात पायऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, आणि माणूस चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्तही करतो. पण नेमके येथेच दुसरे कारण दडलेले आहे. आंघोळीचे उदाहरण घ्या. अंग ओले आहे, हीच पुढच्या पायरीची आठवण. टॉवेल समोर टांगलेला असतो. प्रत्येक पायरी पुढचीला हाक मारते. आता वीजबिल भरायचे घ्या. बिल आले ते कोणत्या तरी कागदाखाली गेले. मुदत संपायच्या आत भरायचे आहे, हे कोणतीही वस्तू समोर येऊन सांगत नाही. ते मनातच धरून ठेवावे लागते. मग रक्कम पाहायची, मागची थकबाकी धरली आहे का ते तपासायचे, खात्यात पैसे आहेत का ते आठवायचे, मोबाइलवर आलेले आकडे एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर नेईपर्यंत ध्यानात ठेवायचे आणि शेवटी पावती जेथे सापडेल अशा जागी ठेवायची. तेवढ्यात दाराची घंटा वाजली तर परत येऊन 'आपण कोठे होतो' हे शोधायचे.

पुढे करायची गोष्ट योग्य वेळी आठवणे याला मानसशास्त्रज्ञ भविष्यलक्षी स्मृती म्हणतात. 'काल काय जेवलो' हे आठवण्यापेक्षा हे वेगळे काम आहे, कारण येथे तुम्हाला कोणी प्रश्न विचारत नाही. आठवायचे आहे हेच आधी आठवावे लागते. सौम्य बोधनक्षीणतेत ही स्मृती बऱ्याचदा लवकर दुबळी होते. रात्रीची गोळी राहते, गॅसवर ठेवलेले दूध उतू जाते, दिलेला निरोप पोचत नाही.

उलट, हाताला बसलेले कौशल्य फार उशिरापर्यंत टिकते. स्मृती एकाच कोठारात नसते याचा प्रसिद्ध पुरावा हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसापासून मिळाला. अपस्मार थांबावा म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूतील हिपोकॅम्पस व आसपासचा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला दर वेळी ठाऊकच नसे. सौम्य बोधनक्षीणता ही इतकी तीव्र गोष्ट नव्हे. पण आजीच्या पोळ्या पूर्वीसारख्याच मऊ होतात आणि मीठ मात्र पिठात दोनदा पडते, हे कसे, याचा उलगडा यातून होतो. पोळी लाटणे हे हाताच्या कौशल्याचे काम आहे. मीठ टाकले की नाही हे मात्र पाच मिनिटांपूर्वीची घटना आठवण्याचे काम. दोन्ही एकाच परातीत होतात, एवढेच.

पैशाच्या व्यवहारांत ही लांब साखळी आणि भविष्यलक्षी स्मृती दोन्ही लागतात. अलाबामा विद्यापीठात डॅनियल मार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सौम्य बोधनक्षीणता असलेले लोक सुटे पैसे मोजण्यात मागे पडले नव्हते, परंतु बिले हाताळणे व बँकेचे पत्रक समजून घेणे अशा कामांत ते निरोगी समवयस्कांपेक्षा कमी पडले. नाणी बरोबर मोजली म्हणून व्यवहारही बरोबर होतील, असा अंदाज येथे चुकला असता.

आता आपल्या देशाकडे येऊ. येथे प्रश्न पट्टीच्या बारीकपणाचाच नाही, तर ती कोणासाठी आखली आहे याचाही आहे. दिल्लीच्या दक्षिणेस हरियाणात बल्लभगढ आहे. तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालतो. १९९० नंतरच्या दशकात विजय चंद्रा, मेरी गांगुली इत्यादी भारतीय व अमेरिकेतील संशोधकांनी तेथील खेड्यांत ५५ वर्षांवरील लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाची पाहणी हाती घेतली. त्या लोकांत बहुसंख्य निरक्षर होते. जगभर वापरली जाणारी स्मरणाची लहान चाचणी १९७५ साली मार्शल फोल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तयार केलेली. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायचे, एक वाक्य वाचून त्याप्रमाणे करायचे, एक वाक्य लिहायचे. ज्याने कधी पाटी धरली नाही, तो शेतकरी येथे नापास होणार आणि त्याचा मेंदू मात्र अगदी ठणठणीत असणार! म्हणून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी रूपात शंभरातून सात ऐवजी विसातून तीन-तीन वजा करायला सांगितले गेले, आणि वाचण्या-लिहिण्याचे प्रश्न बदलले गेले.

व्यवहारांच्या पट्टीची अडचण याहून मोठी होती. टेलिफोन, बँक, आगगाडीचा प्रवास यांच्याशी त्या खेड्यातील आजीचा संबंधच नव्हता. शिवाय वय झाल्यावर घरातल्या पुष्कळ कामांची अपेक्षाच तिच्याकडून राहिलेली नव्हती. मग गर्डा फिलेनबॉम व या गटातील इतरांनी घरच्या माणसांनाच विचारण्याचे अकरा प्रश्न तयार केले आणि १९९९ साली प्रसिद्ध केले. जेवण झाले आहे हे ते विसरतात का? दिलेला निरोप पोचवतात का? महत्त्वाचे सण लक्षात असतात का? घरातल्या महत्त्वाच्या गोष्टींत आपले मत सांगतात का? गावात वाट चुकतात का? अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. मला हे काम फार आवडते, कारण येथे उपकरण मापायच्या वस्तूकडे पाहून घडवलेले आहे. अर्थात या पट्टीचा उद्देश स्मृतिभ्रंश ओळखणे हा होता. सौम्य अवस्थेसाठी तीही जाडच पडते.

त्या आजीची गोष्ट हरियाणापुरती नाही. आपल्याकडील मोठ्या कुटुंबातही वृद्धांची कामे अलगद इतरांकडे जातात. सून स्वयंपाक करते, मुलगा बिले भरतो, औषधाची गोळी कोणीतरी हातावर ठेवतो. हे प्रेमाने घडते यात शंका नाही. पण मोजमापाच्या दृष्टीने पाहिले तर ज्या वजनकाट्यावर काही ठेवलेच नाही, तो शून्यच दाखवणार. घरात एकटे राहणाऱ्या आजोबांची चूक महिन्याभरात उघडी पडते, कारण वीज तोडली जाते. भरल्या घरातल्या आजोबांची तीच चूक वर्षानुवर्षे दिसत नाही. मग एक दिवस आजी आजारी पडते, चार दिवस रुग्णालयात राहते आणि आजोबांना घरात काहीच सुधरत नाही. लोक म्हणतात, "आजीच्या आजारपणाचा धक्का बसला, एकदम बिघडले." पुष्कळदा ते एकदम बिघडलेले नसते. आधार निघाल्यामुळे आधीचेच दिसू लागलेले असते.

मग बरोबर वाचन घ्यायचे कसे? व्हर्नियर कॅलिपर वापरताना आपण आधी त्याची शून्य त्रुटी पाहतो. येथे प्रत्येक माणसाचे शून्य वेगळे असते, आणि ते म्हणजे त्याचे स्वतःचे पूर्वीचे वागणे. शेजारचे काका ऐंशीव्या वर्षी शब्दकोडी सोडवतात म्हणून आपल्या आजोबांनीही सोडवली पाहिजेत, असे नाही. पण जे आजोबा तीस वर्षे गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च पैशापैशापर्यंत जुळवीत होते, ते आता दोन पानांच्या हिशेबाला दोन दिवस घेतात आणि वही बंद करून ठेवतात, ही नोंद महत्त्वाची. १९८२ साली रॉबर्ट फेफर यांनी तयार केलेल्या दहा प्रश्नांच्या पट्टीत याची सोय आहे. ते प्रश्न घरच्या माणसाला विचारतात, आणि एखादे काम त्या व्यक्तीने कधी केलेच नसेल, तर 'कधी केले नाही, पण आता करू शकेल' असेही उत्तर देता येते आणि त्याला शून्य दोष मिळतो. लॉटन व ब्रॉडी यांनी पुरुषांच्या बाबतीत टाळलेली अडचण येथे अधिक नेटकेपणाने सोडवली आहे.

दुसरे असे की काम झाले की नाही एवढेच पाहून भागत नाही. त्याला किती वेळ लागला, किती वेळा थांबून पुन्हा सुरुवात केली, चूक झाल्यावर ती स्वतःच्या लक्षात आली का, हेही पाहावे लागते. सौम्य बोधनक्षीणतेत पहिल्यांदा वाढतो तो वेळ. काम होते, पण पूर्वी अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला सकाळ जाते. परिणामी माणूस थकतो आणि हळूच ते काम टाळू लागतो. 'आता मला बाजारात जायला आवडत नाही' या वाक्यामागे कधी कधी गुडघे असतात, तर कधी सुट्ट्या पैशांचा हिशेब.

आता या सगळ्याने फरक काय पडतो? पहिली गोष्ट, ही अवस्था म्हणजे शिक्षा नव्हे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या संस्थेने २०१८ साली तोवरच्या पाहण्या एकत्र करून आकडे दिले. सौम्य बोधनक्षीणतेचे प्रमाण ६० ते ६४ वयोगटात सुमारे ६.७ टक्के, तर ८० ते ८४ वयोगटात सुमारे २५ टक्के. ६५ वर्षांवरील ज्यांना ही अवस्था होती, त्यांपैकी दोन वर्षांत स्मृतिभ्रंशाकडे गेलेले सुमारे १५ टक्के. आणि पुन्हा सर्वसाधारण पातळीवर आलेले, वेगवेगळ्या पाहण्यांत, १४ पासून ५५ टक्क्यांपर्यंत! शेवटच्या आकड्याचा विस्तार एवढा मोठा का, याचे एक उत्तर तुम्हीच द्याल : वेगवेगळ्या पट्ट्या. दुसरे उत्तर असे की काहींची कारणे दुरुस्त होणारी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड ग्रंथीचे बिघाड, मनाची उदासीनता, झोपेच्या व इतर काही गोळ्या, ऐकू कमी येणे, या सर्वांनी माणूस विसराळू दिसू शकतो. 'वय झालं, चालायचंच' म्हणून डॉक्टरांकडे न नेणे म्हणजे ही संधी घालवणे होय. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचेच प्रमाण ७.४ टक्के आहे. म्हणजे हा काही मोजक्या घरांचा विषय नाही. याच अमेरिकन संस्थेने आठवड्यातून दोनदा नियमित व्यायामाची शिफारसही केली आहे.

दुसरी गोष्ट साखळीच्या गणितातूनच निघते. तीस पायऱ्यांच्या कामात बहुधा दोन-तीन पायऱ्याच दुबळ्या असतात. मदत तेथे हवी. बिल विसरले जाते ना? मग ते डोळ्यांसमोर, भिंतीवर एकाच ठरलेल्या खिळ्याला लावा आणि दिनदर्शिकेवर तारखेभोवती लाल वर्तुळ करा. गोळी घेतली की नाही आठवत नाही ना? औषधांच्या दुकानात आठवड्याच्या सात वारांचे कप्पे असलेली डबी मिळते. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात. आठवण्याचे काम डोळ्यांनी बघण्याचे झाले. स्वयंपाकघरात मीठ घातल्यावर बरणी दुसऱ्या बाजूला सरकवून ठेवायची, ही युक्ती कित्येक आज्या कोणी न शिकवताच वापरतात. या प्रत्येक युक्तीत मनात धरून ठेवायची पायरी समोर दिसणारी केली जाते, म्हणजे वीजबिलाचे काम आंघोळीसारखे होते.

याउलट, "आजोबा, राहू द्या, मीच करतो," असे म्हणून सारेच काम काढून घेतले, तर दुबळ्या दोन पायऱ्यांसाठी धडधाकट अठ्ठावीस पायऱ्याही गेल्या. माणसाचे घरातील स्थान त्याच्या कामांवरही उभे असते. ज्यांच्या हिशेबाच्या वहीवर सारे मंडळ विश्वास ठेवीत होते, त्यांना भाजीच्या पिशवीचेही पैसे कोणी विचारीनासे झाले, तर होणारे नुकसान कोणत्याही पट्टीवर नोंदले जात नाही. अर्थात सगळेच त्यांच्यावर सोडावे असेही नाही. गॅस, वाहन चालवणे आणि मोबाइलवरून मागितले जाणारे गुप्त आकडे, या तीन ठिकाणी एक चूक फार महागात पडते, म्हणून तेथे दुसरा डोळा हवाच. दोघांनी मिळून बसावे. आकडे आजोबांनी वाचावेत, नातवाने तपासावेत.

आता करून पाहण्यासारखे. आधी एक सूचना : घरातील वृद्धांची 'चाचणी' घेऊ नका. गुणांवर शिक्षणाचा, चष्म्याचा, श्रवणाचा, त्या दिवशीच्या झोपेचाही परिणाम होतो, आणि त्यांचा अर्थ प्रशिक्षित माणसानेच लावायचा असतो. शिवाय नातवंडांनी परीक्षा घेणे कोणालाही आवडत नाही. प्रयोग स्वतःवर आणि वर्गमित्रांवर करा.

वर्गातील दहा जणांना वीस मिनिटांत सोडवायची गणिते द्या. सुरुवातीला दोन सूचना सांगा, पुन्हा आठवण करू नका. एक : ज्या उत्तरात ७ हा अंक येईल, त्यापुढे फुली करा. दोन : सुरुवातीपासून बरोबर बारा मिनिटांनी वहीच्या वरच्या कोपऱ्यात आपले नाव लिहा, घड्याळ मागच्या भिंतीवर, मान वळवूनच दिसेल असे हवे. पहिल्या सूचनेची आठवण खुद्द उत्तरातील अंक करून देतो. दुसरीची आठवण करून देणारे समोर काहीच नाही. प्रत्येक सूचनेत किती जण चुकले आणि किती मिनिटांनी चुकले ते कोष्टकात मांडा. नंतर दुसऱ्या दिवशी दहा वेगळ्या जणांवर तोच प्रयोग करा, फक्त घड्याळ फळ्याशेजारी समोर टांगा. दोन्ही दिवशींच्या चुकांची तुलना करा. गणिते तितकीच कठीण आणि वेळ तीच राहील याची शिक्षकांनी काळजी घ्यावी, नाहीतर फरक घड्याळामुळे पडला की गणितांमुळे, हे सांगता येणार नाही.